सफायरमधला ढब्बू होमपर्यंत कसा पोचला

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजमध्ये वीस वर्षांपूर्वी वाढवलेला पोकेमॉन आजच्या निंटेंडो स्विचवर आणता येतो. मात्र एका उडीत नाही. मध्ये चार टप्पे आहेत, दोन जुनी हँडहेल्ड लागतात, मधले दोन गेम खेळून संपवावे लागतात आणि एकदा पुढे गेलेला पोकेमॉन मागे आणता येत नाही. मी हे सगळं नुकतंच पार पाडलं. माहिती शोधत होते तेव्हा कुठे या टप्प्याबद्दल सापडायचं, कुठे त्या टप्प्याबद्दल. आधी काय, मग काय, वेळ नक्की कशात जातो, हे सलग सांगणारं काही मिळत नव्हतं. ते इथे लिहून ठेवते आहे.

कार्ट्रिज दादाचं. पोकेमॉन सफायर, निळं पारदर्शक कवच असलेलं. हा गेम जपानमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये आणि बाहेर २००३ मध्ये आला. त्या कार्ट्रिजमध्ये सेव्हची जागा एकच असते, त्यामुळे घरात दोघं खेळणारे असले तरी प्रवास एकच. ट्रेनरचं नाव दादाचं होतं, पण ढब्बू आम्हा दोघांचा. ढब्बू म्हणजे आमचा स्वॅम्पर्ट. सुरुवातीला निवडलेल्या मडकिपचा मोठा होऊन झालेला. दिवसा दादा त्याला लढवायचा, संध्याकाळी कन्सोल माझ्याकडे आलं की मी त्याची लेव्हल वाढवायचे. त्या एका सेव्हवर कुणी चुकून 'न्यू गेम' सुरू करून वरून सेव्ह मारू नये, म्हणून कार्ट्रिज पाहुण्यांच्या हाती द्यायचं नाही, हा आमच्या घरचा पक्का नियम होता.

मला घाई करायला लावली ती थ्रीडीएस या निंटेंडोच्या हँडहेल्डच्या बातम्यांनी. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद होणार हे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. मे २०२२ मध्ये कार्डाने पैसे भरणं थांबलं आणि २७ मार्च २०२३ ला खरेदी कायमची बंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये थ्रीडीएसवरचं ऑनलाइन खेळणंही संपलं. पोकेमॉन बँक (पोकेमॉन ऑनलाइन साठवणारी) आणि तिच्या जोडीचं पोके ट्रान्सपोर्टर (जुन्या गेममधून ते बँकेत आणणारं), ही दोन अ‍ॅप त्यातून वगळली गेली. ती अजून चालतात, आणि मार्च २०२३ नंतर बँकेची वार्षिक फीसुद्धा लागत नाही. पण जुन्या पोकेमॉनना पुढे नेणारा दुसरा रस्ताच नाही. हा एक पूल आहे, आणि तो किती दिवस उघडा ठेवायचा हे कंपनीच्या हातात. माझ्या थ्रीडीएसवर दोन्ही अ‍ॅप आधीपासून होती, म्हणून ठरवलं की आता लांबणीवर टाकायचं नाही.

ज्यांच्याकडे ही अ‍ॅप कधीच नव्हती त्यांच्यासाठी लगेच सांगते: पूर्वी घेतलेलं अ‍ॅप पुन्हा डाउनलोड करता येतं, नव्याने घेता येत नाही. वापरलेलं थ्रीडीएस विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला दोन्ही आयकॉन स्क्रीनवर दाखवायला सांगा. नुसतं बँक पुरत नाही, ट्रान्सपोर्टरही हवं. आणि त्याने कन्सोल फॉरमॅट करून द्यायच्या आधी हे बोलणं व्हायला हवं.

पहिलं काम म्हणजे सफायर चालू होतं का ते बघणं. कार्ट्रिज डीएस लाइट या निंटेंडोच्या जुन्या हँडहेल्डमध्ये घातलं. डीएस लाइटच्या खालच्या कडेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची खाच असते आणि तिच्यात धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकचं झाकण. कार्ट्रिज घातलं की ते थोडं बाहेर डोकावतं, ते तसंच असायला हवं. पहिल्यांदा स्क्रीन कोरीच राहिली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड जेमतेम ओला करून कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्यांवरून फिरवला, तर काळाकुट्ट निघाला. दुसरा थोडा कमी काळा. तिसरा जवळजवळ पांढरा. मग पूर्ण वाळू दिलं. त्यानंतर गेम लागला आणि लगेच संदेश आला: आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी आता घडणार नाहीत.

हा संदेश वाचून कितीतरी जण सेव्ह गेला असं समजून कार्ट्रिज परत खणात टाकतात. सेव्ह कुठेही जात नाही. रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. तिला वीज लागत नाही. सीआर१६१६ ही छोटी बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. त्याआधीच्या रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सेव्ह बॅटरीवरच जिवंत असतो, बॅटरी गेली की सगळं पुसलं जातं. आणि त्या कार्ट्रिजमधून पुढच्या पिढीत (पोकेमॉनचे गेम पिढ्यांनी मोजतात, सफायर तिसऱ्या पिढीतला) यायला अधिकृत रस्ता मुळातच नाही. म्हणून सफायर उघडलं, 'कंटिन्यू' दिसलं, खाली दादाचं नाव आणि खेळलेले तास दिसले, तेव्हा मी काही वेळ बटणच दाबलं नाही. मग बॉक्स, म्हणजे गेममधली पोकेमॉन ठेवायची जागा, उघडला. ढब्बू होता.

दादाला फोन केला.

"दादा, सफायर चालू झालंय."

"खोटं बोलतेस."

"तुझ्या नावाखाली ढब्बू आहे. लढाईतल्या मूव्ह त्याच: सर्फ, अर्थक्वेक, आइस बीम, स्ट्रेंग्थ."

"स्ट्रेंग्थ मी शिकवली नव्हती हं. ती तुझी." मग थोडं थांबून, "त्याला कुठे घेऊन चाललीस?"

तेव्हा त्याला सगळा रस्ता समजावला, आणि समजावताना तो मलाही नीट कळला. सफायरमधून निघालेला पोकेमॉन आधी चौथ्या पिढीच्या डीएस गेममध्ये जातो: डायमंड, पर्ल, प्लॅटिनम, हार्टगोल्ड किंवा सोलसिल्व्हर. तिथून पाचव्या पिढीत, म्हणजे ब्लॅक, व्हाइट किंवा त्यांचे दुसरे भाग. तिथून थ्रीडीएसवरच्या बँकेत. बँकेतून पोकेमॉन होममध्ये, जे स्विचवर आणि फोनवर चालतं.

सामानाची जुळवाजुळव करताना तीन गोष्टी नीट समजून घेतल्या, त्याचा पुढे फार उपयोग झाला. एक, पहिल्या टप्प्याला गेम बॉयची खाच असलेलं डीएसच लागतं: २००४ चं मूळ डीएस किंवा २००६ चं डीएस लाइट. डीएसआयपासून ती खाच काढून टाकली. दोन, चौथ्यातून पाचव्या पिढीत जाताना दोन कन्सोल एकाच वेळी चालू लागतात, पण त्यातलं एक थ्रीडीएस असलं तरी चालतं. म्हणजे डीएस लाइट आणि थ्रीडीएस एवढ्या जोडीवर अख्खा प्रवास होतो. तीन, सफायर आणि चौथ्या पिढीचं कार्ट्रिज एकाच भाषेतलं हवं. आणि ब्लॅक-व्हाइट हे गेम साध्या डीएसवर कुठल्याही प्रदेशाचे (जपान, अमेरिका, युरोप अशा विक्रीच्या भागांचे) चालत असले तरी थ्रीडीएसवर तसे चालत नाहीत, तिथे कन्सोल आणि गेम एकाच प्रदेशाचे असावे लागतात. ट्रान्सपोर्टर थ्रीडीएसवरच चालत असल्यामुळे ही अट चुकवता येत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून दुसऱ्या प्रदेशाचं ब्लॅक उचललं तर सगळं शेवटच्या पायरीआधी अडकेल.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात महाग पडली ती चौथ्या आणि पाचव्या पिढीची कार्ट्रिज. वापरलेल्या डीएस लाइटपेक्षाही जास्त. कन्सोलची नवी बॅटरी, अल्कोहोलची बाटली, पेचकस हे त्यामानाने किरकोळ. डीएस लाइटची बॅटरी बदलणं खरंच सोपं आहे: पाठीमागच्या झाकणाला एक स्क्रू, झाकण उघडा, जुनी काढा, नवी बसवा. जुनी बॅटरी जरा जरी फुगलेली दिसली तर ती चार्जिंगला लावूच नका. आणि वापरलेलं डीएस लाइट घेताना बिजागरी बघा. उजव्या कोपऱ्यात चीर जाणं हे या मॉडेलचं नेहमीचं दुखणं आहे. चीर बारीक असेल तर कन्सोल चालतं, पण तशा कन्सोलची किंमत कमी करून मागायला हवी.

प्लॅटिनमचं पहिलं कार्ट्रिज बनावट निघालं. ज्याच्याकडून घेतलं त्याने वाद न घालता पैसे परत केले, पण त्यात जवळजवळ महिना गेला. नकली ओळखायला लेबलाची छपाई बघतात, तशी कार्ट्रिजची पाठही बघावी: अस्सल कार्ट्रिजवर बारीक अंक-अक्षरांचा ठसा उमटवलेला असतो. हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर, ब्लॅक आणि व्हाइट यांची परीक्षा आणखी सोपी. या कार्ट्रिजमध्ये इन्फ्रारेडची सोय असल्यामुळे त्यांचं काळं प्लास्टिक प्रखर दिव्यासमोर धरलं की आरपार लालसर दिसतं. साधं करडं आणि अपारदर्शक असेल तर तिथेच परत करा. गेम बॉयच्या कार्ट्रिजचंही तसंच. नकली सफायर खेळायला चालेलही, पण त्यातून पुढे स्थलांतर होईल याचा भरवसा नाही, आणि जीव गुंतलेले पोकेमॉन तसल्या कार्ट्रिजमध्ये ठेवायलाच नकोत.

दुसरं प्लॅटिनम अस्सल होतं, पण रिकामं. खरी प्रतीक्षा इथे सुरू झाली. पाल पार्क, म्हणजे जुने पोकेमॉन जिथे उतरतात ती जागा, नॅशनल पोकेडेक्स, म्हणजे सगळ्या प्रदेशांतल्या पोकेमॉनची यादी, मिळाल्याशिवाय वापरता येत नाही. आणि तो मिळायला एलीट फोरला (गेमच्या शेवटचे चार बलाढ्य ट्रेनर) आणि चॅम्पियनला हरवायचं, शिवाय सिनो प्रदेशाच्या यादीतले सगळे पोकेमॉन निदान एकदा बघायचे. डायमंड-पर्लमध्ये ही यादी १५० ची आहे, प्लॅटिनममध्ये २१० ची. पकडायचे नाहीत, नुसते बघायचे. तरीही ते बरंच काम आहे.

मला हा भाग ओझं वाटेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही. हँडहेल्डवर गेम खेळण्याची रीतच अशी आहे की मोठं काम दिवसात विरघळतं. घड्याळ बघून बसावं लागत नाही. बसमध्ये दोन लढाया, दुपारच्या सुट्टीत एक गुहा, रात्री झोपण्याआधी ब्राइटनेस सगळ्यात खाली आणून अर्धा तास. कुणी हाक मारली की झाकण मिटायचं. कन्सोल झोपतं, आणि तास-दोन तासांनी उघडलं की पात्र त्याच गवतात उभं असतं. प्रवासात मी आवाज बंद ठेवायचे, पण घरी हेडफोन लावून, कारण प्लॅटिनममधलं बर्फाळ रस्त्यांवरचं संगीत ऐकलंच पाहिजे असं आहे. हिरवा दिवा लाल झाला की चार्जर. रोज रात्री कन्सोल चार्जिंगला लावायची सवय मोडली, कारण साध्या डीएसला तेवढी भूकच नाही. फोनवर गेम खेळताना मधूनच संदेश येतात, कुणाचा तरी फोन येतो, नजर पंधरा ठिकाणी जाते. इथे दोन छोटे स्क्रीन आणि एकच काम. त्या महिन्यांत मी रात्री फोन बाजूच्या खोलीत ठेवायला लागले, आणि तसं करायचं मी ठरवलंही नव्हतं.

२१० ची यादी भरायला सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या एकाही ट्रेनरला टाळू नका. बहुतेक पोकेमॉन त्यांच्याकडेच दिसून जातात. स्पिरिटुंब मिळवायचा मूळ मार्ग फार किचकट आहे, पण चॅम्पियन सिंथियाच्या संघात तो असतोच, मिलोटिकही तिच्याकडेच. मॅनफी गेममध्ये साध्या मार्गाने भेटत नाही. रूट २१२ वरच्या पोकेमॉन मॅन्शनमध्ये एक पुस्तक आहे, त्यातलं चित्र पाहिलं की तो पाहिलेला धरतात. रोटम एटर्ना जंगलातल्या जुन्या वाड्यात, टीव्हीत असतो, आणि तो रात्री ८ नंतरच बाहेर येतो. मी दिवसा जाऊन त्या टीव्हीसमोर उभी राहिले नाही, कारण हे आधी वाचलं होतं. रात्री बरोबर वेळेला वाड्यात शिरले, खोलीत अंधार, माझ्याही आणि गेममध्येही, आणि टीव्हीतून तो एकदम समोर. पोकेडेक्समध्ये कुठला क्रमांक रिकामा आहे ते बघून मागचा-पुढचा कोण त्यावरून अंदाज बांधता येतो, शेवटचे काही असेच हुडकले. मग सँडजेममधल्या प्रयोगशाळेत प्रोफेसर रोवन यांच्याकडे गेले की प्रोफेसर ओक येतात आणि नॅशनल पोकेडेक्स देतात. एप्रिलमध्ये ठरवलेलं काम इथवर यायला पावसाळा संपत आला होता.

चौथ्या पिढीचा कुठला गेम घ्यावा असं कुणी विचारलं तर माझं मत प्लॅटिनम किंवा हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर. डायमंड-पर्लमध्ये एका गेम बॉय कार्ट्रिजमधून २४ तासांत सहाच पोकेमॉन आणता येतात. प्लॅटिनमपासून ही मर्यादा काढली आहे. शिवाय डायमंड-पर्लमध्ये लढाईतल्या आरोग्याच्या पट्ट्या इतक्या सावकाश उतरतात की शेकडो लढायांत तो उशीर जाणवतो.

आता अटी. पाल पार्कला जाणारा पोकेमॉन बॉक्समध्ये असावा लागतो, सोबतच्या संघात नाही. अंडी चालत नाहीत. आणि एचएम मूव्ह, म्हणजे लढाईबाहेर वाट काढायलाही वापरतात त्या मूव्ह, येत असलेला पोकेमॉन जाऊच शकत नाही: कट, फ्लाय, सर्फ, स्ट्रेंग्थ, फ्लॅश, रॉक स्मॅश, वॉटरफॉल, डाइव्ह, यातलं एकही नको. या मूव्ह नेहमीप्रमाणे विसरवता येत नाहीत. त्यासाठी सफायरमध्ये लिलीकोव्ह गावात मूव्ह डिलीटरचं घर आहे, तिथेच जावं लागतं. ढब्बूला सर्फ आणि स्ट्रेंग्थ दोन्ही यायच्या.

दादाला पुन्हा फोन केला. मला परवानगी हवी होती, आणि खरं सांगायचं तर सोबतही.

"सर्फ काढायची? त्याच्या पाठीवर बसून तर आपण अख्खं होएन फिरलो."

"काढल्याशिवाय जाता येत नाही रे."

"अर्थक्वेक राहील ना?"

"अर्थक्वेकला हात लावत नाही."

"मग काढ."

होएन म्हणजे सफायरमधला प्रदेश. त्यात अर्थक्वेकचा टीएम (मूव्ह शिकवणारी वस्तू) एकदाच मिळतो, सीफ्लोर कॅव्हर्नमध्ये. तो कुणाला शिकवायचा यावरून आमचं बरंच भांडण झालं होतं, आणि शेवटी तो ढब्बूला मिळाला. म्हणून ती मूव्ह तशीच राहणं दोघांनाही महत्त्वाचं होतं. लिलीकोव्हच्या त्या घरात आधी स्ट्रेंग्थ काढली, मग सर्फ. दर वेळी गेम नीट विचारतो, नक्की ना. मग ढब्बूला बॉक्समध्ये ठेवलं, सेव्ह केलं.

सहाजणांचा एक गट करावा लागतो, एक कमी चालत नाही. ढब्बूबरोबर पाच निवडायचे म्हणून अख्खे बॉक्स चाळले. त्यात एका झिगझगूनचं नाव फक्त 'आ' होतं. माझं, घाईत ठेवलेलं. त्यालाही घेतलं. प्लॅटिनम आणि सफायर दोन्ही एकाच डीएस लाइटमध्ये घातली, सुरुवातीच्या मेनूत सफायरमधून आणण्याचा पर्याय दिसला, सहा निवडले, आणि परत नेता येणार नाही अशी सूचना आली. या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, कार्ट्रिजला हात लावू नका, कन्सोल टेबलावर ठेवा. लिहायला सुरुवात झाली की दोन्ही कार्ट्रिजमधले सेव्ह बदलत असतात.

पोकेमॉन लगेच बॉक्समध्ये येत नाहीत. आधी रूट २२१ वरच्या पाल पार्कमध्ये जाऊन त्या सहाही जणांना पुन्हा पकडायचं, त्याशिवाय पुढचे सहा आणता येत नाहीत. सहा पार्क बॉल मिळतात आणि ते कधी चुकत नाहीत, त्यामुळे हरवण्याची भीती नाही. तरीही ढब्बू समोर आला तेव्हा माझे हात गार पडले होते. पकडल्यावर त्याचं माहितीपान उघडलं: नाव तेच, ट्रेनर दादा, त्याचा आयडी क्रमांक तोच, होएनच्या चॅम्पियनची रिबन तशीच. आणि तो होएनहून आल्याची नोंद. मी त्या पानाचा फोटो काढून दादाला पाठवला.

ब्लॅकबद्दल थोडक्यात सांगते. पाचव्या पिढीत जुने पोकेमॉन आणायची जागा, पोके ट्रान्सफर लॅब, रूट १५ वर आहे आणि तिथे मुख्य कथा संपल्याशिवाय पोचता येत नाही. पोकेडेक्सची अट नाही, फक्त कथा. ब्लॅकमध्ये कथा संपेपर्यंत एकही जुना पोकेमॉन भेटत नाही, सगळे १५६ नवे. त्यामुळे ही वाट पाहणं नव्या गेमसारखंच गेलं. मला हा गेम त्याच्या कथेसाठी फार आवडला. एखाद्या ओळखीच्याकडे कथा संपलेलं ब्लॅक किंवा व्हाइट असेल तर मात्र उसनं मागा, काही आठवडे वाचतील.

लॅबमध्ये काम असं होतं: ब्लॅक थ्रीडीएसमध्ये, प्लॅटिनम डीएस लाइटमध्ये. ब्लॅकमधून लॅबमधल्या यंत्राशी बोलायचं आणि डीएस लाइटवर कन्सोलच्या मेनूतून डीएस डाउनलोड प्ले उघडायचं. तिकडून एक छोटा प्रोग्रॅम येतो, प्लॅटिनम ओळखतो आणि सहा पोकेमॉन निवडायला सांगतो. एचएमची अट इथेही आहे, चौथ्या पिढीच्या यादीप्रमाणे. प्लॅटिनममध्ये कुणाला नव्याने काही शिकवलं असेल तर कॅनलेव्हमध्ये जाऊन आधी काढून घ्या. हातात वस्तू असेल तर ती मागे पिशवीत राहते. मग खालच्या स्क्रीनवर धनुष्याची दोरी ओढून बॉल सोडायचा आणि इकडून तिकडे उड्या मारणाऱ्यांना टिपायचं. दोन्ही कन्सोल शेजारी शेजारी ठेवून मी हे केलं, आणि सहाही जण पलीकडे गेले.

थ्रीडीएसचा टप्पा कागदोपत्री कामासारखा आहे, सावकाश करा. ब्लॅकमध्ये जे न्यायचे ते सगळे पहिल्या बॉक्समध्ये ठेवायचे, कारण ट्रान्सपोर्टर फक्त तोच बॉक्स वाचतो. एका वेळी जास्तीत जास्त ३०. बँकेतला ट्रान्सपोर्ट बॉक्स आधी रिकामा हवा. वायफाय जोडताना लक्षात असू द्या, थ्रीडीएसला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं आणि डब्ल्यूपीए३ समजत नाही. राउटर नवा असेल तर त्यात डब्ल्यूपीए२ चालू करावं लागतं. फोनचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवूनही काम होतं. ट्रान्सपोर्टर चालू केलं की तो सगळे पोकेमॉन तपासतो, सर्व्हरशी बोलतो, मध्ये सेव्ह करतो, आणि यात काही मिनिटं जातात. त्या वेळात थ्रीडीएसचं झाकणही मिटू नका, चार्जरवर ठेवा. मग बँक उघडून ट्रान्सपोर्ट बॉक्समधून त्यांना साध्या बॉक्समध्ये आणायचं आणि बँकेतून बाहेर पडताना सेव्ह करायचं.

होमसाठी पैसे लागतात. होमची मोफत योजना आहे, तिच्यात ३० पोकेमॉन मावतात. पण बँकेतून होममध्ये आणायची सोय फक्त प्रीमियममध्ये आहे. त्यासाठी वर्षाची वर्गणी घ्यायची गरज नाही, एक महिन्याची पुरते. म्हणून जे काही आणायचं ते आधी बँकेत गोळा करा आणि मगच प्रीमियम चालू करा. मी सफायरमधले बॉक्स रिकामे होईपर्यंत थांबले. होममध्ये बँकेतून आणण्याचा पर्याय निवडला की एक कोड मिळतो, तो थ्रीडीएसवरच्या बँकेत टाकायचा. कोड थोडा वेळच चालतो, त्यामुळे थ्रीडीएसवर ते पान आधी उघडून, बॉक्स निवडून तयार राहा. प्रीमियम संपल्यावर फक्त पहिला मूळ बॉक्स वापरता येतो, तेव्हा मुदत संपायच्या आत लाडके ३० तिथे हलवून ठेवा.

कोड टाकला, दोन्हीकडे चाक फिरत राहिलं, आणि मग फोनवर ढब्बू आला, त्रिमितीत, मान वळवत. सहाव्या पिढीपासूनच्या पोकेमॉनवर उगमाचं एक चिन्ह असतं. त्याच्यावर ते नाही; तो त्याआधीचा आहे. दादा त्या वेळी व्हिडिओ कॉलवर होता. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "रिबन बघ गं आहे का." होती.

आता ढब्बू स्विचवरच्या पोकेमॉन व्हायोलेटमध्ये आहे. डिसेंबर २०२३ मधल्या इंडिगो डिस्क या जोड-भागाच्या अपडेटपासून मडकिपचं कुळ त्या गेममध्ये चालतं. तिथे टीएम बनवून त्याला सर्फ पुन्हा शिकवली. ब्रिलियंट डायमंड आणि शायनिंग पर्लमध्येही तो जाऊ शकतो, पण प्रत्येक गेमला सगळे पोकेमॉन चालतात असं नाही, तेव्हा होममधून हलवण्याआधी तपासा.

सध्या एका मैत्रिणीचं एमराल्ड माझ्याकडे आलं आहे. तिचे बॉक्स भरलेले आहेत आणि थ्रीडीएस नाही. माझं प्लॅटिनम आणि ब्लॅक आता तयार असल्यामुळे तिच्या वाट्याला महिन्यांची प्रतीक्षा येणार नाही. लिलीकोव्हला जाऊन एचएम काढणं, सहा-सहाच्या फेऱ्या आणि पाल पार्कची पळापळ एवढंच उरतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे नॅशनल पोकेडेक्स मिळालेला चौथ्या पिढीचा गेम असेल तर आधी त्यालाच विचारा. आणि बॉक्स निवडताना ज्याची कार्ट्रिज आहे त्याला शेजारी बसवा. झिगझगूनचं नाव 'आ' का आहे ते त्यालाच ठाऊक असतं.